झाकणीच्या कडेला

१

लोक विचारतात, ग्रह शोधता म्हणजे नेमकं काय करता? मी सांगते, उजेड झाकते.

संध्याकाळी समोरून गाडी येते, तिचे दिवे थेट डोळ्यांवर येतात आणि तिच्या शेजारून चालणारा माणूस दिसेनासा होतो. अशा वेळी आपण हात आडवा धरतो. दिवा झाकला की माणूस दिसतो. आमचं सगळं शास्त्र एवढंच. तारा हा दिवा आणि ग्रह हा शेजारून चालणारा माणूस. दुर्बिणीच्या पोटात, कॅमेऱ्याच्या पुढे, टाचणीच्या डोक्याएवढी एक काळी टिकली असते. ताऱ्याला बरोबर तिच्यामागे आणून बसवायचं. शास्त्रीय लेखांत तिला भारदस्त नाव आहे. आम्ही तिला झाकणी म्हणतो.

दुर्बीण आहे अर्ध्या पृथ्वीपलीकडे, एका उजाड डोंगरावर. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर तापलेलं असतं. जेवण झालं की मी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत येते, पडदे ओढते, पंख्याचा कुरकुरणारा वेग कमी करते आणि डोंगरावरून चित्रं यायला लागतात. आम्ही जवळचे आणि वयाने लहान तारे निवडतो. त्यांचे ग्रह अजून गरम असतात, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखे, आणि आपल्याच धगीने अंधूक चमकतात.

झाकणी लावूनही चित्रात शेकडो डाग उरतात. काही आरशाचे, काही भिंगांचे, काही हवेचे. धान्यातले खडे निवडावेत तसे ते निवडून टाकणं हे माझं काम. ओळखायची खूण साधी आहे. तास सरतात तसं आभाळ दुर्बिणीवरून फिरतं. त्यामुळे खरा ग्रह चित्रात ताऱ्याभोवती हळूहळू गोल सरकतो आणि यंत्रातला डाग जागचा हलत नाही. फिरला तर आभाळातला, बसून राहिला तर आपल्या घरातला.

माझ्या शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण कशावरच विश्वास न ठेवण्याच्या स्वभावामुळे सगळे, अगदी त्याची बायकोसुद्धा, त्याला याच नावाने हाक मारतात. मी ठिपका दाखवला की तो चष्मा कपाळावर सारतो, संगणकाच्या पडद्याला नाक लावतो आणि म्हणतो, "धूळ." इतक्या वर्षांत त्याने एकदाही 'ग्रह' म्हटलेलं नाही आणि तो एकदाही चुकलेला नाही.

त्या दुपारी मात्र त्याने बराच वेळ पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही.

२

ठिपका डावीकडे होता, जरासा खाली. घड्याळात आठ वाजतात त्या जागी. झाकणीपासून बऱ्यापैकी लांब, फिकट, पण कडा स्वच्छ.

"फिरतोय का?" शंकासुराने विचारलं.

मी दुपारभराची चित्रं एकामागून एक चालवली. ठिपका ताऱ्याभोवती फिरत नव्हता.

"मग यंत्रातला. संपलं."

"थांब," मी म्हणाले. "बसूनही नाहीये."

तो सरकत होता. केसाच्या जाडीएवढा, पण सरळ रेषेत. झाकणीच्या दिशेने.

असं काही नसतं. आभाळातली वस्तू अशी वागत नाही आणि आरशावरची धूळही अशी वागत नाही. मी स्वतःला समजावलं की कॅमेरा थंड होताना एखादं भिंग आकसलं असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरा तारा घेतला, आभाळाच्या वेगळ्याच भागातला. ठिपका तिथेही होता. आदल्या दिवशी जिथे सोडला होता, तिथूनच पुढे निघाला होता.

"डाग निवडायच्या तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे," शंकासुर म्हणाला.

मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. घोळ असेल तर सापडेल. आठवडाभर मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली, काही सापडलं नाही. मग शंकासुराने मला न दाखवता, न विचारता, स्वतःचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला त्या दुपारी मी मुद्दाम खाली चहाला गेले, म्हणजे माझ्या चेहऱ्याचाही त्याच्यावर परिणाम नको. परत आले तर तो खुर्ची मागे ढकलून, पडद्यापासून जमेल तितका लांब बसला होता.

"आठच्या जागी," तो म्हणाला. "आणि निघालाय आपला टुकूटुकू."

३

घरी मी आणि आई दोघीच. आई पूर्वी पोहायला शिकवायची. तलावाच्या त्या टोकाला बुडी मारलेल्या मुलालाही पाण्याखाली ऐकू जाईल असा आवाज होता, अजून आहे. गेली तीनचार वर्षं तिच्या डोळ्यांच्या मधोमधलं दिसणं गेलंय. कडेचं शाबूत आहे. समोर बघितलं की मधे एक राखाडी डाग, आणि डागाच्या भोवती बाकीचं जग. म्हणजे चहाचा कप दिसायला तिला बशीच्या पलीकडे बघावं लागतं. तरी माझ्याशी बोलताना ती तोंड सरळ माझ्याकडेच करते. "दिसत नसलीस म्हणून काय झालं, बोलायची एक रीत असते," असं म्हणते.

त्या रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आई आत खुर्चीत बसून माझ्याशी गप्पा मारत होती, मधेच थांबली.

"गॅलरीत तुझ्याबरोबर कोण आहे गं?"

"कुणी नाही. चादर आहे."

"चादर उजवीकडे आहे. हे डावीकडे. जरा खाली."

मी चिमटा तोंडात धरलेला होता. तो काढून हातात घेतला.

"माणूस आहे?"

"माणूस म्हणवत नाही," आई म्हणाली. "उभं आहे एवढं खरं. लांब आहे अजून." आणि मग हसली. "तलावाची पावती फाडून आलाय का विचार त्याला. नाहीतर दे हाकलून."

मीही हसले. मग तिला म्हटलं, आता मान वळव, दाराकडे बघ. तिने दाराकडे बघितलं. म्हणाली, आता दाराशी आहे. भिंतीकडे बघितलं, भिंतीशी आहे. जिकडे बघावं तिकडे, डागाच्या डाव्या अंगाला, जरा खाली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. तुला उगाच कशाला घोर म्हणून बोलले नाही."

तुला कुणी सांगितलं आमच्या ठिपक्याबद्दल, असं मी विचारणार होते. पण मी घरी ऑफिसचं काही बोलत नाही. आईला ते कळत नाही म्हणून नव्हे. ती लगेच सल्ला देते म्हणून.

४

मॅडमकडे आम्ही दोघे मिळून गेलो. मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्या खोलीत नेहमी थंडगार असतं आणि टेबलावर एकही कागद नसतो. जवळच्या ताऱ्यांची ही पाहणी त्यांनी उभी केली, त्यासाठी दारोदार फिरल्या, आणि इतक्या वर्षांत हाती एकही ग्रह नव्हता. वरिष्ठांची समिती लवकरच येणार होती.

शंकासुराने एक गोष्ट जास्तीची केली होती. जगातल्या दुसऱ्या दोन दुर्बिणींची जुनी चित्रं सर्वांसाठी खुली असतात. ती त्याने काढली आणि आमच्या दोन्ही प्रोग्रॅममधून चालवली. सगळ्यांत जुनी दहा वर्षांपूर्वीची. ठिपका तिथेही होता, अगदी चित्राच्या काठावर. त्यानंतरच्या चित्रात थोडा आत. त्याच्यानंतर आणखी आत. तारीखवार लावली की आठच्या जागेवरून झाकणीकडे येणारी सरळ वाट दिसत होती, आणि अलीकडे वेग वाढत चाललेला. तारे वेगळे, आरसे वेगळे, कॅमेरे वेगळे. ठिपका एकच.

"हा कुठल्या ताऱ्याजवळ नाहीये, मॅडम," मी म्हणाले. "झाकणीजवळ आहे. जिथे जिथे झाकलंय, तिथे."

मॅडमनी चित्रं शांतपणे पाहिली. मग पेन खाली ठेवलं.

"याचं मी समितीला काय सांगू?"

"दिसतंय ते."

"आपलं यंत्र बिघडलंय असं ते समजतील आणि पाहणी बंद करतील. तेवढ्या भागावर पट्टी मारा. आठच्या जागेची पाचर कापून टाका, बाकीचं चित्र स्वच्छ आहे."

"म्हणजे झाकायचं."

"तुमचं कामच ते आहे ना?" त्या म्हणाल्या. वाईट बोलायचं म्हणून नाही, खरंच वाटलं म्हणून.

मी जागेवर आले. पट्टी मारायला एक ओळ पुरे होती. मी ती लिहिली नाही. मॅडमनी निरोप पाठवला, मी उत्तर दिलं नाही. त्यांनी स्वतः येऊन विचारलं तेव्हा सांगितलं, "तारा झाकते तो काहीतरी दिसावं म्हणून. दिसलेलं झाकायला मला कुणी शिकवलेलं नाही."

शंकासुर आपल्या संगणकामागून खोकला. त्याची ती दाद द्यायची पद्धत आहे.

५

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आईला नेलं. तरुण बाई होत्या, मनमोकळ्या. त्यांनी आईची हनुवटी टेकवून दिव्याने आत पाहिलं आणि म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. मधलं दिसणं गेलं की मेंदूला ती रिकामी जागा सहन होत नाही. तो आपल्या मनाने काहीतरी भरतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला जाळी, कुणाला माणसं.

मला किती बरं वाटलं सांगता येणार नाही. एका वाक्यात सगळं जागच्या जागी बसलं. आईच्या बाबतीत मेंदू आणि दुर्बिणीच्या बाबतीत दुसरं काहीतरी. दोन वेगळ्या गोष्टी, एकाच वेळी घडल्या म्हणून मी त्यांची गाठ मारत होते. असे योगायोग वेगळे काढणं हेच तर माझं काम.

"चला," मी आईचा हात धरून उठले. दारात पोचल्यावर मात्र राहवेना. "डॉक्टर, ही दिसणारी माणसं जवळ येतात का?"

त्यांनी हातातला दिवा बंद केला. "जवळ म्हणजे?"

"रोज थोडी जवळ. कायम एकाच बाजूने."

"तसं मी ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि आईच्या फाइलवर काहीतरी लिहायला वाकल्या.

रिक्षात आईने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तू का एवढी कावरीबावरी झालीस? डोळे माझे, पाहुणा माझा."

"किती जवळ आलाय?"

तिने डावा हात पुढे करून दाखवला. कोपर पूर्ण सरळ नव्हतं. पहिल्या दिवशीचं अंतर पूर्ण हाताएवढं धरलं, तर मी ऑफिसात रोज मोजत असलेलं अंतरही आता बरोबर तेवढंच उरलं होतं. मी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. मग मोजणं सोडून दिलं आणि रस्त्याकडे बघत बसले. दुकानांच्या काचांवर ऊन पडलेलं होतं. चमक इतकी होती की डोळ्यांवर हात धरावासा वाटत होता. मी धरला नाही.

६

समिती यायच्या आधीच्या आठवड्यात ठिपका झाकणीच्या कडेला टेकला. मंगळवारी त्याचा अर्धा भाग आत गेला होता. बुधवारच्या चित्रात तो नव्हता.

मॅडम स्वतः आमच्या खोलीत आल्या, हसतमुख. "बघा, आपोआप निवळलं. मी म्हणत नव्हते?" जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मनाने त्या वाईट नाहीत.

शंकासुराने स्वच्छ चित्राकडे पाहिलं. मधे काळी गोल झाकणी, भोवती काही नाही.

"गेला नाही तो," तो हळूच म्हणाला. "आत गेलाय."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की याने शंका घ्यावी.

घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, हाक मारली. तिने ओ दिली पण वळली नाही.

"काय झालं? मान आखडली का?"

"नाही."

"मग इकडे बघ की."

"नको."

मी समोर जायला लागले तशी तिने डोळे मिटले. घट्ट, लहान मुलं साबण जाऊ नये म्हणून मिटतात तसे. माझी आई, जिने पोरांना खोल पाण्यात ढकलून "पाय मार!" म्हणून ओरडायला कधी मागेपुढे पाहिलं नाही, ती घाबरली होती.

"आई, आता कुठे आहे तो?"

"मधे," ती म्हणाली. "डागात. आधी तुझ्याकडे तोंड केलं की राखाडी दिसायचं, तरी मला ठाऊक असायचं की मागे तू आहेस. आज सकाळी तू डबा घेऊन समोर उभी होतीस ना, तेव्हा बघितलं तर तिथे तू नव्हतीस. तो होता. आवाज तुझा येत होता आणि समोर तो होता."

"कसा आहे दिसायला?"

ती हातांनी साडीचा काठ सारखा करत राहिली.

चार दिवस झाले, आईने माझ्याकडे तोंड केलं नाही. जेवताना खिडकीकडे, बोलताना भिंतीकडे. मला वाटायचं, हात-पाय मोडले असते तर बांधून घेतले असते, ताप असता तर उतरवला असता. पण आपल्या आईने आपल्याकडे बघायचं थांबवावं आणि आपण पलीकडच्या खोलीत भाजी चिरत बसावं, हे मला सोसणार नव्हतं. मला भीती वाटत होती हे खरं. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. कोण हा? कुणाच्या परवानगीने मधे येऊन उभा राहिला?

७

सोमवारी मी मॅडमना सांगितलं की आजच्या ताऱ्यावर मला झाकणी काढून एक चित्र घ्यायचंय. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. उघड्या ताऱ्याने कॅमेरा भाजतो. मी ऐकून घेतलं, खोलीत आले आणि डोंगरावर फोन लावला.

तिकडचा चालक म्हणजे दुर्बीण वळवणारा माणूस, मूळचा आपल्याकडचाच. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखते. समजूतदार आवाज.

"ताई, भाजेल हो," तो म्हणाला.

"किती वेळ सोसेल?"

"पापणी मिटून उघडण्याएवढा."

"तेवढा पुरे. हुकूम माझा, तुमच्याकडे माझ्या नावाने नोंदवा."

"आणि माझ्याही," शंकासुर फोनकडे वाकून म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. "दोन मुलं आहेत तुला," मी म्हटलं. "म्हणूनच," तो म्हणाला.

फोनमधून झाकणी बाजूला सरकल्याचा यांत्रिक आवाज आला, ड्रॉवर ओढावा तसा. मग टक्. चित्र यायला थोडा वेळ लागतो. पंखा कुरकुरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

चित्र आलं. पांढरं. कडेपर्यंत पांढरं, उतू गेलेलं, जसं असायला हवं तसं. आणि मधोमध काळं.

"झाकणी निघालीच नाहीये," शंकासुर म्हणाला.

"निघालीय साहेब," फोनमधून आवाज. "समोर दिसतेय मला. पार बाजूला आहे."

आम्ही दोघांनी पुन्हा पाहिलं. झाकणी गोल असते. हे गोल नव्हतं. वर अरुंद, खाली रुंद. एका कडेला खाच होती, मान जिथे खांद्याला मिळते तिथे असते तशी. काळ्या आकाराची पाठ आणि पोट सारखंच दिसतं, हे मला कळतं. तरी आम्हा दोघांनाही, एकमेकांना न विचारता, कळलं की ते पाठमोरं नाही.

"परत घेऊ का?" चालकाने विचारलं. त्याच्या आवाजात आता समजूत नव्हती, नुसती घाई होती.

"घ्या."

दुसऱ्या चित्रात पांढरं कमी होतं आणि काळं जास्त.

"परत."

"ताई, पुरे."

"परत घ्या."

तिसरं चित्र पूर्ण काळं आलं. कॅमेरा भाजला असेल. भाजलेला कॅमेरा असंच चित्र देतो, हे मी नवशिक्यांना कितीदा शिकवलंय. शंकासुर उठला आणि त्याने खोलीतले सगळे पडदे उघडले. ऊन आत आलं. तो उन्हात उभा राहून म्हणाला, "मी पाहिलं. कुणीही विचारलं तरी सांगेन, मी पाहिलं."

मॅडम दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्यांची नजर तिसऱ्या चित्रावर होती आणि चेहरा उतरला होता.

"उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या.

"नाही येत," मी म्हणाले. "पण ही चित्रं खरी आहेत, आणि तुम्हीही ती पाहिलीत."

त्यांनी मान फिरवली. मी पिशवी उचलली आणि भर उन्हात घरी निघाले.

८

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. घरात खिडकीतून भरपूर उजेड होता. शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता.

मी एक खुर्ची ओढली. तिची खुर्ची धरून, तिच्यासकट, वळवली. जड गेलं. मग समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"हे काय चाललंय तुझं?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "आज लवकर कशी आलीस?"

"नोकरी गेली."

"अगं बाई! का?"

"ते सांगते नंतर. डोळे उघड, आई."

"नको म्हटलं ना."

"मी किती वर्षांची असताना तू मला पाण्यात टाकलं होतंस?"

"ते वेगळं. पाण्याला तळ असतो."

"मी आहे इथे. तो मधे असेल तर असू दे. मी त्याच्या मागे आहे, कुठे जात नाही. उघड."

तिने उघडले. माझ्याकडे, सरळ. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती. मधेच कुठेतरी अडत होती. तरी तिने डोळे मिटले नाहीत. तिला मी एवढी घाबरलेली आणि एवढी ताठ बसलेली कधी पाहिली नव्हती.

"आहे?" मी विचारलं.

"आहे."

"हात पुढे कर. माझ्या गालाला लाव."

तिने हात उचलला. माझ्या दिशेने आला आणि आम्हा दोघींच्या मधे, हवेत, थांबला. मला वाटलं घाबरून थांबवला. मग मी तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटांची टोकं चपटी झाली होती. काचेवर हात टेकला की होतात तशी. तळवा थोडा वाकलेला होता, आणि तो बाक गालाचा होता. माझा गाल तिथून वीतभर मागे होता.

मला दिसत काहीच नव्हतं. तिची बोटं, त्यांच्यापलीकडे तिचा चेहरा, खिडकी, ऊन. सगळं लख्ख.

आईच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हे. मी तिचं मनगट धरलं. बर्फासारखं गार होतं. मी ते माझ्याकडे ओढलं. ओढलं गेलं नाही. पाण्यात दार उघडायला लागावं तसं, सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं.

"सरक," मी म्हणाले. आईला नाही. "सरक बाजूला. ही माझी आई आहे."

काही झालं नाही. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव वाचत होतं. मग अचानक मधला जोर सुटला आणि आईचा हात धाडकन माझ्या गालावर आला, थप्पड बसावी तसा. तो तिथेच राहिला. तिने माझं नाक चाचपलं, भुवया चाचपल्या, कान धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"तूच आहेस," ती म्हणाली.

"मग कोण असणार?"

आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मला वाटलं, जमलं. हाकलता येतं त्याला. फक्त कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं.

आईचं हसू आधी थांबलं. हात अजून माझ्या कानाशी होता.

"तू 'सरक' म्हणालीस ते मी ऐकलं," ती म्हणाली. "पण त्याच्यावर जे उत्तर आलं, ते तू ऐकलंस का?"

"नाही. काय आलं?"

तिने मान जराशी कलती केली, नीट आठवून सांगायचं असल्यासारखी. आवाज खाली आणला. त्या खालच्या आवाजातलं तिचं बोलणं मला कधीच आवडलेलं नाही.

"म्हणाला, 'आधी तू.'"

माझे पाय आपोआप उठायला निघाले होते. खुर्चीच्या कडा मी दोन्ही हातांनी धरल्या. आईची नजर पुन्हा मधेच अडली होती आणि कानाशी असलेला तिचा हात हळूहळू, कुणीतरी एकेक बोट सोडवावं तसा, दूर होत होता.

"मी नाही सरकत," मी म्हणाले, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.